एकक नसलेला आकडा स्वीकारू नका : बांधकाम मंत्र्यांना खुले पत्र

माननीय सार्वजनिक बांधकाम मंत्री महोदय,

सविनय नमस्कार.

निविदेपासून अंतिम बिलापर्यंत असंख्य आकडे या टेबलावरून त्या टेबलावर फिरतात. त्यांतल्या कित्येकांपुढे एककच नसते. ‘सगळ्यांना माहीतच आहे’ म्हणून ते सोडून दिलेले असते. हे थांबवणारे परिपत्रक आपण काढावे, एवढ्यासाठी हे पत्र.

काँक्रीटच्या क्यूबचेच, म्हणजे ताकद तपासायला यंत्रात दाबून फोडतात त्या ठोकळ्याचेच बघा. 150 मि.मी.चा क्यूब, म्हणजे भार घेणारे क्षेत्रफळ 22,500 चौ.मि.मी. तो 562.5 किलोन्यूटनला फुटला तर ताकद भरते 25 न्यूटन प्रति चौ.मि.मी. यंत्राची तबकडी जुनी असेल तर हीच नोंद 57.4 टन अशी होते. पण कुठला टन? मेट्रिक टन 1,000 किलोचा, अमेरिकेतला साधारण 907 किलोचा. टन दुसरा निघाला तर ताकद 22.7 वर येते. अट 25 ची असेल, तर कागदावर पास झालेला क्यूब खरे म्हणजे नापास असतो. तोवर त्या काँक्रीटवर पुढचा मजला चढलेलाही असतो.

हुशार माणसांकडून असे होत नाही, असे कोणी म्हणेल. जुलै 1983 मध्ये एअर कॅनडाच्या बोइंग 767 ला 22,300 किलो इंधन हवे होते. टाक्यांत 7,682 लिटर शिल्लक होते. लिटरचे वजन काढायला 1.77 हा गुणक वापरला गेला. तो पौंडांचा होता. किलोसाठी साधारण 0.8 हवा होता. त्यामुळे 20,000 लिटरच्या आसपास भरायचे तिथे 4,917 लिटर भरले गेले. पुन्हा हिशेब तपासला तेव्हाही गुणक तोच राहिला. दोन्ही इंजिने हवेतच बंद पडली. वैमानिकांनी विमान तरंगत कॅनडातल्या गिम्ली गावाच्या जुन्या धावपट्टीवर उतरवले, म्हणून 69 जण वाचले. पूर्वी इंधनाचा हिशेब विमानातला तिसरा कर्मचारी, फ्लाइट इंजिनिअर, बघायचा. नव्या विमानात ते पद नव्हते आणि ती जबाबदारी कोणाची, हे स्पष्ट नव्हते. मला ही बाब गुणकाइतकीच गंभीर वाटते.

नुसता नियम असूनही भागत नाही. नासाचे मार्स क्लायमेट ऑर्बिटर हे यान सप्टेंबर 1999 मध्ये मंगळाशी पोचताच हरवले. यानाच्या छोट्या इंजिनांनी दिलेल्या धक्क्याचे आकडे न्यूटन-सेकंदात द्यायचे, असे ठरलेले होते. एका संगणक प्रणालीने ते पौंड-सेकंदात दिले. फरक जवळजवळ साडेचार पट. प्रवासातच आकडे जुळत नसल्याची शंका आली होती, तिचा पाठपुरावा झाला नाही.

म्हणून परिपत्रकात दोन गोष्टी हव्यात. नकाशा, चाचणी अहवाल किंवा संगणकीय तक्त्यातल्या आकड्याला एकक नसेल, तर स्वीकारणाऱ्याने तो कागद परत पाठवावा आणि त्यामुळे झालेला उशीर परत पाठवणाऱ्याच्या माथी मारू नये. एका एककातून दुसऱ्यात नेलेला आकडा गुणकासकट लिहावा. दुसऱ्या अभियंत्याने तो गुणक मूळ तक्त्यावरून ताडून सही करावी. पहिल्याचाच हिशेब पुन्हा गिरवून केलेली सही धरू नये.

याला वेगळा निधी लागत नाही. सुरुवात सध्या मंजुरीसाठी आलेल्या क्यूबच्या अहवालांपासून करता येईल. आपल्या लेखी उत्तराची वाट पाहतो.

आपला नम्र,
एक स्थापत्य अभियंता