पोरगा ट्रॅक्टर घ्यायचं म्हणतोय

राधानगरी रस्ता, कोल्हापूर
दसऱ्यानंतरचा शनिवार, 2025

प्रिय बंड्या,

फोनवर तू मधेच "एक मिनिट हं" म्हणतोस आणि परत येतच नाहीस, म्हणून हे पत्र. माझी तब्येत बरी आहे. साखर जिथं होती तिथंच आहे, गोळी चालू आहे. आईला कमी ऐकू येतं, पण जे तिनं ऐकू नये असं वाटतं ते बरोबर ऐकू येतं.

तर पोरगा नवीन ट्रॅक्टर घ्यायचं म्हणतोय. पन्नास एचपीचा. आणि पहिल्या भरण्यासाठी चार म्हशी विकायच्या म्हणतोय.

दुसऱ्या कुणाला सांगितलं तर तो म्हणेल, मग बिघडलं कुठं? तू आमच्या गोठ्यात वाढलायस, तू असं म्हणणार नाहीस.

घटस्थापनेपासून ट्रॅक्टरवरचा जीएसटी 12 वरून 5 टक्के झाला आणि लगेच कोटेशन घरात आलं. खंडेनवमीला आमच्या जुन्या पाच-पंच्याहत्तर ट्रॅक्टरला हार घालता घालता हा म्हणतो, "आजोबांच्या ट्रॅक्टरची ही शेवटची पूजा." आई सोप्यात बसली होती. तिला ऐकू आलं. काही बोलली नाही, उठून वैरण टाकायला गेली. तू तिला ओळखतोस. बोलली असती तर बरं झालं असतं.

माझ्या आजोबांनी, आबांनी, 1978 ला एचएमटी ट्रॅक्टर आणला तेव्हा गावानं बैल सोडून बघायला गर्दी केली होती म्हणे. दोन सिलिंडर, पंचवीस एचपी. आपल्या वाट्याला आला तोवर त्याची बॅटरी कायम बसलेली. उतारावर लावायचा, सकाळी ढकलायचा, गिअर टाकून क्लच सोडायचा. शाळेच्या चड्डीत आपण किती ढकललाय तो. आणि एकदा शेवटचं लिहून ठेवतो: गोबरगॅसच्या खड्ड्यात ट्रॅक्टर तू घातलास. डाव्या-उजव्या चाकांच्या दोन ब्रेकना जोडणारी कडी लावली नव्हती, हे खरं. कडी मी काढली होती, हेही खरं, सरी सोडताना वळायला ती काढावीच लागते. पण उजवा एकटाच ब्रेक दाबायला तुला कुणी सांगितलं होतं? मार मात्र दोघांना समान. मास्तरांनी तर दुसऱ्या दिवशी कारण न विचारता आणखी दिला.

त्या एचएमटीचं कर्ज कशानं फिटलं माहीत आहे? सगळं गाव म्हणतं उसानं. मी पण तेच समजत होतो. दसऱ्याच्या आवराआवरीत वडिलांची, आण्णांची, ट्रंक उघडली, त्यात दूध संस्थेची जुनी पुस्तकं निघाली. पातळ, कोपरे दुमडलेली, एकाला अजून पेंडीचा वास. सकाळ, संध्याकाळ, लिटर, फॅट. आणि शेवटच्या रकान्यात दर दहा दिवसाला कपात: पेंड, पेंड, हप्ता. पेंड, हप्ता. उसाचं बिल कायद्यानं 14 दिवसांत यायला पाहिजे, ते येईल तेव्हा येतं, आणि आलं की लग्नाला, विहिरीला, वाटणीच्या भांडणाला जातं. दहा दिवसाला न चुकता येतो तो दुधाचा पगार. आण्णांनी 1998 ला पाच-पंच्याहत्तर घेतला, तोही असाच फिटला. म्हणजे दोन्ही ट्रॅक्टर आईनं आणि म्हशींनी फेडले. मान कुणाचा? ड्रायव्हरचा. आई ट्रॅक्टरला पहिल्यापासून "भाकड" म्हणते. खातो रोज, देत काही नाही. आपण हसायचो.

अगदीच देत नाही असं नाही, ते तिलाही मान्य आहे. 2019 च्या महापुरात, पंचगंगा 43 फुटांची धोक्याची पातळी ओलांडून पंचावन्नच्या वर गेली तेव्हा, म्हशी माळावर पाच-पंच्याहत्तरनंच चढवल्या. ट्रॉलीत रेडकं, मागं दोरीनं म्हशी आणि चिखलात शिव्या देणारा पैलवान. पुढं रस्ते बंद, दुधाची गाडी नाही. घागरीनं दूध वाटलं, उरलेलं ओतलं. म्हशीला पूर कळत नाही, कास भरली की धार काढावीच लागते.

आता पोराचं गणित ऐक. रोटाव्हेटर भाड्यानं मारायचा, हंगामात कारखान्याला ऊस ओढायचा. मी म्हटलं, आपल्या गल्लीतच किती ट्रॅक्टर उभे आहेत ते मोजून ये. भाडं कुणाला मारणार, एकमेकांना? आणि ऊस ओढायचा म्हणजे तोडणीची टोळी पाहिजे, टोळी म्हणजे मुकादम, मुकादम म्हणजे उचल, आगाऊ पैसे. थोरल्याचं काय झालं तुला माहीत आहे. उचल घेऊन मुकादमानं फोन बंद केला, टोळी आलीच नाही, करार मात्र थोरल्याच्या नावावर. अजून निस्तरतोय. हप्ता सहा महिन्याला येणार आणि चार म्हशी गेल्यावर दहा दिवसाचा पगार निम्म्यावर. मग हप्ता भरायचा कशातून, ट्रॅक्टरवर लावलेल्या गाण्यांतून?

एवढं बोलल्यावर मला वाटलं जिंकलो. तर हा शांतपणे म्हणतो, "बाबा, पहाटे चारला शेण कोण काढतंय? तुम्ही?"

मी नाही, बंड्या. आधी आई काढायची, आता ही काढते. मी डेअरीवर दूध घालायला जातो आणि तिथं तासभर राजकारण बोलून येतो. वर पोरगा म्हणाला, "म्हशीच्या घरात पोरगी द्यायला कोण तयार आहे?" हेही खोटं नाही. गेल्या उन्हाळ्यात दोन स्थळं गोठा बघून परत गेली. एका आईनं तर चहा पितानाच विचारलं, "माणूस ठेवलाय का धारांना?"

रात्री मी हिला विचारलं, तुझं काय म्हणणं? भाकरी थापता थापता म्हणाली, "ट्रॅक्टर घ्या न्हाईतर विमान घ्या. धारा काढायचं मशीन आधी घ्या. तीन पिढ्यांत कुणाला सुचलं न्हाई." मी म्हटलं, तीन कुठं, दोनच ट्रॅक्टर झालेत. तिनं ज्या नजरेनं बघितलं, त्यावरून मी बाहेर जाऊन झोपलो.

दुसऱ्या दिवशी मशीनची चौकशी केली. ट्रॅक्टरच्या किमतीपुढं ते काहीच नाही. पोरगा म्हणतो, दोन्ही घेऊ. आई म्हणते, मशीनला म्हैस पान्हा सोडत नाही. मला वाटतं पाच-पंच्याहत्तरचं इंजिनकाम करून घ्यावं, मशीन घ्यावं, म्हशी ठेवाव्यात. पण मी हे म्हटलं की पोराला ते हट्टानं म्हटल्यासारखं वाटतं. आण्णा मला असंच काहीतरी सांगायचे आणि मी दार आपटून तुझ्याकडं यायचो, म्हणून त्याचा रागही येत नाही.

तुझ्या फ्लॅटचा ताबा मिळाला का? वहिनींचा गुडघा कसा आहे? पोरीला हवं ते कॉलेज मिळालं हे आईकडून कळलं, तिला कुणाकडून कळलं देवाला ठाऊक. अभिनंदन सांग तिला.

पाडव्याला ये. म्हशींची शिंगं रंगवायची आहेत आणि पोरगा तुझं ऐकतो, का ते मला कळत नाही. त्याच्याशी बोल, पण माझ्या बाजूनं बोलू नकोस, लगेच ओळखेल. आधी हिच्याशी बोलून घे. आणि कोटेशनवर सही करायची मुदत दिवाळीपर्यंतच आहे, त्यामुळं उगाच भाऊबीजेला उगवू नकोस.

तुझा,
दादू