हात लावला नाही, मग लिहायचे काय?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

आमच्या शेजारी एक शाळकरी मुलगी आहे. तिचे नाव, गाव, शाळा यांतले काहीच लिहीत नाही. पॉक्सो, म्हणजे अठरा वर्षांखालील मुलांना लैंगिक अत्याचारापासून संरक्षण देणारा कायदा. त्याच्या कलम 23 नुसार पीडित बालकाची ओळख पटेल असा कोणताही तपशील छापता येत नाही, अगदी शेजारपाजारसुद्धा. (नाव गाळायचे आणि गल्ली, इयत्ता, वडिलांचा धंदा मात्र छापायचा, हा प्रकार वर्तमानपत्रांत अधूनमधून दिसतो. आपणही एकदा मागचे अंक चाळून पाहावेत.)

गोष्ट अशी. मोबाइलवरच्या गेममध्ये तिला एक 'दादा' भेटला. आधी गेममधले डायमंड दिले. मग परीक्षा कशी गेली, आई फार ओरडते का, अशी चौकशी. दोनेक आठवड्यांनी "इथे नको, व्हॉट्सॲपवर बोलू" आणि "हे आपल्या दोघांतच". त्यानंतर फोटोची मागणी. तिने एक पाठवला. दुसरा नाही म्हटल्यावर, "शाळेच्या ग्रुपवर टाकीन." मुलगी तीन दिवस नीट जेवली नाही, तेव्हा कुठे घरात कळले. आईने आधी एक ठेवून दिली आणि मग जवळ घेऊन रडली. वडिलांनी संतापाच्या भरात फोन रीसेट करून टाकला.

मी निवृत्त शिक्षिका. मायलेकींबरोबर पोलीस ठाण्यात मीच गेले. ठाणे अंमलदारांनी पहिला प्रश्न विचारला, "हात लावला का?" नाही. "भेटला होता का कधी?" नाही. "मग लिहायचं काय, बाई?" हा सगळा संवाद उघड्या टेबलासमोर झाला. मागच्या बाकावर मोटारसायकल चोरीला गेलेले दोन गृहस्थ कान टवकारून बसले होते आणि मुलगी ओढणीचे टोक बोटाला गुंडाळत होती. शेवटी "अर्ज देऊन ठेवा, अकाउंट बंद करा, पोरीच्या हातात फोन देऊ नका" असा सल्ला मिळाला. अर्जावर शिक्का मारून पोच तेवढी दिली.

घरी येऊन मी कायदा वाचायला घेतला. पॉक्सो 14 नोव्हेंबर 2012 पासून लागू आहे. त्याच्या कलम 11 मध्ये लैंगिक हेतूने बालकाशी 'इलेक्ट्रॉनिक, डिजिटल किंवा अन्य कोणत्याही मार्गाने' वारंवार संपर्क साधणे हा लैंगिक छळ ठरवला आहे. बालकाच्या शरीराचे चित्रण माध्यमात टाकण्याची धमकी देणेही त्यातच येते, आणि ते चित्रण खरे असो वा बनावट. आज ज्याला डीपफेक म्हणतात ते चौदा वर्षांपूर्वीच्या मजकुरात बसते! कलम 12 प्रमाणे शिक्षा 3 वर्षांपर्यंत. माहिती तंत्रज्ञान कायद्याचे कलम 67 ब तर बालकाला अशा हेतूने ऑनलाइन नात्यात ओढणे हाच गुन्हा मानते. पहिल्याच दोषसिद्धीला 5 वर्षांपर्यंत कैद आणि 10 लाखांपर्यंत दंड. यात हात लावण्याचा प्रश्न येतोच कुठे?

तक्रार कशी घ्यावी, हेही लिहिलेले आहे. बालकाचा जबाब त्याच्या घरी किंवा त्याच्या पसंतीच्या ठिकाणी, शक्यतो उपनिरीक्षक किंवा त्यावरच्या दर्जाच्या महिला अधिकाऱ्याने, गणवेश न घालता घ्यायचा (कलम 24). खबर नोंदवलीच पाहिजे; न नोंदवणाऱ्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा दंड होऊ शकतो (कलम 21). हे कलम 'कोणतीही व्यक्ती' म्हणते, म्हणजे टेबलापलीकडची व्यक्तीही त्यात आली. पण ते दाखवायला जायचे कोणाकडे? त्याच टेबलाकडे.

सगळा दोष अंमलदारांच्या माथी मारणार नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालचा तपास निरीक्षक किंवा वरच्या दर्जाच्या अधिकाऱ्यानेच करायचा असे कलम 78 सांगते. तालुक्याच्या ठाण्यात निरीक्षक एखादाच, आणि त्याच्यामागे बंदोबस्त, मिरवणुका, मंत्र्यांचे दौरे. त्यामुळे ते कलम लावण्याऐवजी "जिल्ह्याला सायबरकडे जा" म्हणणे सोपे पडत असावे. ही अट उपनिरीक्षकापर्यंत खाली आणायला हवी. मात्र सतरा वर्षांची मुलगी आवडत्या मुलाबरोबर निघून गेली की हाच पॉक्सो त्याच टेबलावर कसा झटकन सापडतो, हे मी नोकरीच्या काळात दोनदा पाहिले आहे.

इंग्लंडमध्ये सोळा वर्षांखालील मुलाशी लैंगिक हेतूने लैंगिक स्वरूपाचे बोलणे हाच 2017 पासून स्वतंत्र गुन्हा आहे. तसे एकच सुटसुटीत कलम आपल्याकडे असते तर "कोणत्या कलमात बसवू?" ही सबब उरली नसती. आपली कलमे दोन-तीन कायद्यांत विखुरलेली आहेत.

पुराव्याचे म्हणाल तर वडिलांनी फोन पुसला ही चूक झालीच. इतर पालकांना हात जोडून सांगते, चॅट काढू नका, आयडी आणि नंबर कागदावर उतरवून ठेवा, आणि पोरीला मारू नका. पण फोन पुसला म्हणून सगळे संपले असेही नाही. माहिती तंत्रज्ञान कायद्याखालच्या 2021 च्या नियमांनुसार, खाते बंद झाल्यावरही नोंदणीची माहिती कंपनीने 180 दिवस राखून ठेवायची असते, आणि पोलिसांनी रीतसर मागितली तर 72 तासांत द्यायची असते. ते मागायला आधी तपास सुरू व्हावा लागतो. अर्ज फायलीत पडून राहतो तेव्हा या 180 दिवसांतला एकेक दिवस जातो.

माझे मागणे एवढेच, की जिल्हा पोलीस अधीक्षकांनी दर महिन्याला जाहीर करावे: मुलांबाबतचे किती 'अर्ज' आले आणि त्यांतल्या किती अर्जांचा गुन्हा नोंदवला.

आमच्या अर्जाला 47 दिवस झाले. आवक क्रमांक माझ्या डायरीत आहे, माझे नाव-पत्ता आपल्याकडे आहे. कोणी अधिकारी हे वाचत असतील तर त्यांनी आपल्याकडून माझा पत्ता जरूर घ्यावा. साध्या वेशातल्या बाई आल्या तर जबाब माझ्या घरी होईल. मुलगी माझ्याकडे संध्याकाळी गणिताला येते, साडेपाचनंतर.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका
(नाव व गाव छापू नये, ही विनंती)