वारशाच्या रिव्हॉल्व्हरला बफ लावू नका

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या रविवारच्या पुरवणीत घरातल्या जुन्या वस्तू नव्यासारख्या करून घेण्याबद्दलचा लेख वाचला. घड्याळं, समया, पितळी डबे इथपर्यंत ठीक आहे. पण शेवटी ‘वारशाने आलेलं रिव्हॉल्व्हर असेल तर बफ मारून निकेल करून घ्या’ असं एक वाक्य आहे. बफ म्हणजे धातू घासून चकचकीत करणारं फिरतं चाक, आणि निकेल करणं म्हणजे टाकीत विजेने निकेलचा मुलामा चढवणं. त्या एका वाक्यासाठी हे पत्र.

मी वागळे इस्टेटमधल्या एका प्लेटिंगच्या कारखान्यात ३१ वर्षं केमिस्ट होते. सकाळी आठला निकेलच्या टाकीचं सँपल काढायचं, टायट्रेशन करायचं, पीएच बघायचा, बोरिक ॲसिड किती घालायचं ते सुपरवायझरला लिहून द्यायचं. निकेलशी माझं वैर नाही, माझं घर त्यावर चाललं. म्हणूनच ते कुठे चढवू नये हेही मला ठाऊक आहे.

माझ्या वडिलांची शेती शहापूरकडे. त्यांच्याकडे आणि काकांकडे एकसारखी दोन रिव्हॉल्व्हरं होती, वेब्ली अँड स्कॉटची, .३२ बोअरची, बर्मिंगहॅमला बनलेली, वरची कडी दाबली की काडतुसं भरायला मधून दुमडून उघडणारी. वडिलांचं रीतसर परवान्यासह माझ्याकडे आलं, काकांचं चुलतभावाकडे. दादाने बारा वर्षांपूर्वी ते निकेल करायला दिलं. देण्याआधी त्याने मला फोन करून विचारलं होतं. कारखान्यात मार्चअखेरची धावपळ होती, मी म्हटलं, “दादा, तुला बरं वाटेल तसं कर.” ते वाक्य मला आजही टोचतं.

परत आलं तेव्हा आरशासारखं चमकत होतं. घरातले सगळे खूश. मी भिंग लावलं. वेब्लीचा शिक्का म्हणजे पंख असलेली गोळी. तिचा एक पंख गेला होता. बर्मिंगहॅमचं प्रूफ हाउस १८१३ पासूनचं, तिथे चाचणी झाल्याची खूण म्हणून मुकुट उमटवतात. त्या मुकुटाचा नुसता ठिपका उरला होता. चौकटीच्या ज्या कडा बोटाला लागायच्या, त्या वापरलेल्या साबणाच्या वडीसारख्या गुळगुळीत झाल्या होत्या. प्रत्येक स्क्रूभोवती बशीसारखा खळगा. भोकाच्या काठावर बफ नेहमीच जास्त खातो, तिथे हात आखडावा लागतो. कारागिराने आखडला नव्हता. त्याने नळाची तोटी करावी तसं काम केलं होतं. निकेल वाईट चढलं नव्हतं, पण निकेलच्या आधीच बफने सगळं नेलं होतं.

आणि नंबर! शेवटचे दोन आकडे हत्यार उजेडात तिरकं धरल्याशिवाय वाचता येत नव्हते. परवान्याच्या नूतनीकरणाला दादाला किती स्पष्टीकरणं द्यावी लागली ते मी पाहिलंय. शस्त्र अधिनियम, १९५९ च्या कलम ८ प्रमाणे हत्यारावरचा नंबर किंवा ओळखीची खूण पुसणं हा गुन्हा आहे. दादाच्या मनात तसं काहीच नव्हतं, त्याला फक्त काकांची वस्तू छान दिसायला हवी होती. पण हात दाखवून अवलक्षण झालं ते झालंच.

दोन पावसाळ्यांनंतर सिलिंडरच्या, म्हणजे काडतुसं बसतात त्या फिरत्या नळकांड्याच्या, तोंडाशी निकेलखाली फोड दिसू लागले. निकेल लोखंडाला गंजापासून वाचवतं ते फक्त पांघरूण म्हणून. जस्ताचं तसं नाही, ते स्वतः झिजून लोखंडाला राखतं. निकेलला सुईच्या टोकाएवढं छिद्र पडलं की खालचं पोलाद उलट जास्तच जोरात गंजतं, कारण त्या जोडीत झिजायची पाळी पोलादाची असते. त्यातून टाकीत विजेचा प्रवाह कडा-कोपऱ्यांवर गर्दी करतो, तिथे थर जाड बसतो, आणि काडतुसाच्या भोकांत आत जेमतेम पोचतो. म्हणजे जिथे माप बदलायला नको तिथे जाड, जिथे राखण हवी तिथे पातळ. खाली तांब्याचा थर असेल तर अमोनिया असलेल्या क्लीनरनेही मुलामा सुटतो. स्प्रिंगा तर टाकीजवळही नेऊ नयेत. ॲसिडमध्ये आणि प्लेटिंगमध्ये कडक पोलादात हायड्रोजन शिरतो, मग लगेच २०० अंशांच्या आसपास काही तास भाजलं नाही तर ते कधी काडकन मोडेल सांगता येत नाही.

मग करावं काय? जुन्या रिव्हॉल्व्हरचा तो निळसर काळा रंग म्हणजे वरून दिलेला रंग नव्हेच. ते लोखंडाचंच ऑक्साइड, मॅग्नेटाइट. जाडी एक-दोन मायक्रॉन, म्हणजे मिलिमीटरचा हजारावा-दोन हजारावा भाग नव्हे, एक-दोन हजारांश, त्यामुळे माप बदलत नाही. आमच्या कारखान्यात ब्लॅकोडायझिंग म्हणायचे ते हेच: कॉस्टिक सोडा आणि नायट्रेटचं द्रावण १४० अंशांच्या आसपास उकळत ठेवायचं आणि ती वस्तू त्यात बुडवायची. झटपट होतं, चांगलं होतं. पण जुन्या दुनळी बंदुकीच्या नळ्या कथलाच्या डाकाने जोडलेल्या असतात, त्या यात घालायच्या नाहीत. कॉस्टिक तो डाक खातं. त्यांच्यासाठी मुद्दाम गंजवून काळं करायची जुनी, सावकाश पद्धत असते.

वडिलांच्या बारा बोअरच्या दुनळी बंदुकीच्या नळ्या एका परवानाधारक वृद्ध कारागिराने तशा केल्या, तेव्हा मी शेजारी बसून पाहिलं होतं. आषाढ होता. त्यांनी नळ्यांना द्रावणाचा इतका पातळ हात दिला की ओल दिसेना. रात्रभर नुसत्या टांगून ठेवल्या. एरवी त्यासाठी दमट पेटी लागते, ठाण्याच्या पावसाळ्यात खोलीच पेटी झाली. सकाळी नळ्यांवर शेंदरी बुरा आला होता, मऊ, सारखा. वडिलांचा चेहराच पडला. कारागिराने नळ्यांना बुचं मारली, लांब पत्र्याच्या टाकीत साध्या पाण्यात उकळल्या, आणि तो शेंदरी गंज डोळ्यांदेखत मखमली काळा झाला. मग बारीक तारेच्या ब्रशने सुटी काजळी झाडली. पुन्हा द्रावण, पुन्हा रात्र. असे सहा फेरे. नळीवरचं एक अक्षर पुसट झालं नाही. पैसे निकेलपेक्षा जास्त गेले, पण ते वडिलांना कधी जड वाटले नाहीत.

आता कोणी म्हणेल, चकचकीत रिव्हॉल्व्हरंही असतातच की. असतात. १९५५ ला आलेल्या कोल्ट पायथनचा गडद निळा फिनिश नावाजलेला आहे, पण तो गडदपणा रंगाआधीच्या पॉलिशमुळे आहे, आणि ते हात कडा राखणारे होते. ज्याला गंजाची धास्ती आहे त्याच्यासाठी स्टेनलेस आहे. स्मिथ अँड वेसनने १९६५ मध्ये मॉडेल ६० काढलं तेव्हापासून. उलट दुसऱ्या महायुद्धातल्या वेब्ली मार्क ४ वर कारखान्यानेच ‘वॉर फिनिश’ असा शिक्का मारलेला सापडतो, कारण घाईत मशीनचे ओरखडे तसेच ठेवले होते. ते ओरखडे बफने काढले तर हातात काय उरलं?

माझ्याकडच्या रिव्हॉल्व्हरला मी काहीच केलेलं नाही. नळीच्या तोंडाशी म्यानात घासून काळेपणा गेलाय. मुठीच्या मागच्या पट्टीवर वडिलांचा तळवा टेकायचा तिथे पोलाद राखाडी उघडं आहे. ते म्यान मात्र मी वेगळं ठेवते. चामडं ओल धरतं, आणि कमावलेल्या चामड्यातल्या आम्लाने महिन्याभरात डाग पडतात. खाडीचा वारा कोपरीत घरात येतो, म्हणून पावसाळ्यात दर रविवारी रिकामं असल्याची खात्री करून तेलाचा हात फिरवते, सुती कापडात गुंडाळते आणि कुलपात ठेवते. काळा थर स्वतः गंज थोपवत नाही, तो तेल धरून ठेवतो. तेल विसरलं तर त्याचा उपयोग नाही.

आपल्याला विनंती आहे की पुरवणीत दुरुस्ती छापावी. काम शस्त्रदुरुस्तीचा परवाना असलेल्या कारागिरालाच द्यावं, देण्याआधी नंबर आणि शिक्क्यांचे जवळून फोटो काढावेत, आणि ‘बफ लावायचा नाही’ हे पावतीवर लिहून घ्यावं, एवढं त्यात असलं तरी चालेल. दादाच्या पावतीवर फक्त ‘पॉलिश व निकेल, १ नग’ एवढंच होतं.

आपली,
एक निवृत्त प्लेटिंग केमिस्ट,
कोपरी, ठाणे (पूर्व)