सोयाबीन स्वस्त, मग तेल महाग कसे?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात एका वृत्तवाहिनीवर राज्याच्या अर्थव्यवस्थेवर तासभर चर्चा झाली. सत्ताधारी बाजूचे दोन प्रवक्ते होते, विरोधी बाजूचे दोन. संपताना पडद्यावर प्रश्न आला, ‘आज बाजी कोणी मारली?’ आणि प्रेक्षकांना मत नोंदवायला सांगितले. दुसऱ्या दिवशी सकाळपासून फोनवर त्याच चर्चेचे अर्ध्या-अर्ध्या मिनिटाचे तुकडे फिरू लागले. एका गटात आपल्या प्रवक्त्याने समोरच्याची बोलती बंद केलेली, दुसऱ्या गटात नेमके उलटे. ज्यांनी ती चर्चा शेवटपर्यंत पाहिली, त्यांना काय वाटले ते मात्र कुठेच दिसले नाही. ते आपल्यापर्यंत पोचावे म्हणून हे पत्र लिहीत आहे.

मी औशात एका आडतीवर, म्हणजे शेतकऱ्यांचा माल विकून देणाऱ्या दुकानात, 31 वर्षे मुनीम होतो. डोळ्यांमुळे काम सोडले, पण संध्याकाळी तिथे जाऊन बसतो. काटा थांबलेला असतो, हमाल हातपाय धुऊन चहाला बसलेले असतात, गावाकडची शेवटची गाडी येईपर्यंत दोन-चार शेतकरीही असतात. त्या दिवशी टीव्ही लावलेला होता. अर्धी चर्चा मी तिथे पाहिली, उरलेली घरी.

पहिली वीसेक मिनिटे राज्याच्या कर्जात गेली. विरोधी प्रवक्ते म्हणाले, सव्वानऊ लाख कोटींच्या वर कर्ज करून ठेवले. समोरचे म्हणाले, साफ खोटे, कर्ज 19 टक्क्यांच्या आत आहे आणि मर्यादा 25 ची आहे. आडतीवर लगेच दोन तट पडले, आवाज चढले. खरे तर दोघेही एकच आकडा सांगत होते. 2025-26 च्या अर्थसंकल्पात राज्याच्या कर्जाचा अंदाज 9,32,242 कोटी रुपये आहे आणि राज्याचे सकल उत्पन्न 49 लाख कोटींच्या वर धरले आहे. भागाकार केला की 18.87 टक्के येतात. निवेदकाने एवढे एक वाक्य बोलले असते तर आमच्याकडची भांडणेही तिथेच थांबली असती.

कर्ज किती, यावर मुनीम कधी थांबत नाही. कशासाठी काढले, हे तो आधी विचारतो. विहिरीसाठी, पाण्याच्या मोटारीसाठी काढलेले वेगळे आणि घरात दाणे भरायला काढलेले वेगळे. त्याच अर्थसंकल्पात 45,891 कोटींची महसुली तूट आहे. म्हणजे पगार, पेन्शन, व्याज, अनुदाने या चालू खर्चालाच तेवढी रक्कम उसनी आणावी लागणार. हे मी सांगितल्यावर शेजारी बसलेले एक म्हातारे शेतकरी म्हणाले, “म्हंजी सरकारबी उचल घेऊनच खायलंय की.” 2024 च्या निवडणुकीत महिलांना महिन्याला एका बाजूने 2,100 रुपये कबूल केले, दुसऱ्या बाजूने 3,000. ते कुठून आणणार, हे दोन्ही बाजूंना विचारता आले असते. आमच्या गल्लीत लाडकी बहीण योजनेच्या सध्याच्या 1,500 रुपयांत गॅस भरला जातो, मुलांच्या वह्या येतात. ते थांबले तर कुणाच्या घरात काय होईल हे मला माहीत आहे. म्हणून तर पैशांची सोय पक्की आहे का, हे कळायला हवे. चर्चेत त्याऐवजी कोणाच्या काळात किती कर्ज वाढले, एवढेच चालले होते.

मग महागाई निघाली. ऑक्टोबर 2025 मध्ये किरकोळ महागाईचा दर 0.25 टक्के होता, 2012 हे पायाभूत वर्ष धरलेल्या मालिकेतला सर्वांत कमी, असे सत्ताधारी प्रवक्त्यांनी अभिमानाने सांगितले. आकडा बरोबर आहे. पण तो ऐकून आडतीवर सगळे गप्प झाले. त्या महिन्यात अन्नपदार्थांच्या किमती आदल्या वर्षापेक्षा 5 टक्क्यांनी उतरलेल्या होत्या, दर इतका खाली येण्यात त्याचा मोठा वाटा होता. जे शहरातल्या पिशवीत वाचले, त्यातले बरेचसे समोर बसलेल्या या माणसांच्या पट्टीतून, म्हणजे माल विकल्याच्या हिशेबाच्या पावतीतून, गेले होते. एकाने खिशातून घडी घातलेली पट्टी काढून माझ्या हातात दिली. सोयाबीनचा भाव क्विंटलला 3,900. सप्टेंबरात मांजरा, तेरणा या नद्या पात्राबाहेर आल्या तेव्हा त्याचे सोयाबीन चार दिवस पाण्यात होते. 2025-26 चा हमीभाव 5,328 रुपये आहे, पण सरकारी खरेदी केंद्रावर 12 टक्क्यांच्या वर ओलावा चालत नाही. 2024 च्या नोव्हेंबरात ती मर्यादा 15 टक्क्यांपर्यंत सैल केली होती. भिजलेल्या मालाला त्याचाही उपयोग नाही. हमीभाव वाढवला असे एक बाजू म्हणत राहिली, बाजारात मिळत नाही असे दुसरी. दोन्ही खरे आहे. 2023-24 ला 4,600 होता, मग 4,892 झाला, मग 5,328. बाजार त्याच्या खाली का राहतो, हे दोघांपैकी एकानेही सांगितले नाही.

मी घरी आलो तेव्हा सून भाकरी करता करता तीच चर्चा ऐकत होती. ती बचतगटाचा हिशेब ठेवते. मला म्हणाली, “मामा, सोयाबीन एवढं पडलंय, मग तेलाची पिशवी का चढायलीय?”

संपादक महोदय, तासाभरात चौघांपैकी एकाच्याही तोंडी इतका नेमका प्रश्न आला नाही. तिला मी जे सांगितले ते इथे लिहितो, कारण आमच्या भागाची निम्मी अर्थव्यवस्था त्यात आहे. क्विंटलभर सोयाबीन गाळले की तेल निघते साधारण 18 किलो. बाकी बहुतेक पेंड, 80 किलोच्या आसपास. तेलाचा भाव इथे ठरत नाही. देशाला लागणाऱ्या खाद्यतेलापैकी निम्म्याहून जास्त बाहेरून येते, पामतेल इंडोनेशिया-मलेशियातून, सोयातेल मुख्यतः अर्जेंटिना-ब्राझीलमधून. पेंडेचा भाव ठरतो कोंबडीखाद्याच्या मागणीवर आणि निर्यातीवर. अलीकडे मका आणि तांदळापासून इथेनॉल काढणारे कारखाने वाढले. त्यांच्याकडे जो प्रथिनांचा चोथा उरतो, ज्याला व्यापारी डीडीजीएस म्हणतात, तो पोल्ट्रीवाल्याला पेंडेपेक्षा स्वस्त पडतो. पेंड उठेना झाली की तेल चढलेले असूनही मिलवाला सोयाबीनला हात आखडतो. त्यामुळे एकाच घरातल्या बाईला तेल महाग पडते आणि तिच्याच नवऱ्याचे सोयाबीन स्वस्तात जाते.

पेंडेचा हा जोर मी स्वतःच्या हाताने लिहिलेल्या पट्ट्यांवर पाहिला आहे. 2021 च्या ऑगस्टच्या सुरुवातीला आमच्या भागात सोयाबीन 10,000 च्या घरात गेले होते. त्याच महिन्यात जनुकीय बदल केलेल्या सोयाबीनची 12 लाख टन पेंड आयात करायला केंद्राने परवानगी दिली. पुढे नवा मालही आला, आणि दसरा-दिवाळीपर्यंत भाव निम्म्यावर आला. ज्यांनी चढा भाव बघून माल धरून ठेवला होता, ते आमच्या ओट्यावर डोक्याला हात लावून बसले होते.

तेलाच्या आयातशुल्काचेही तसेच. सप्टेंबर 2024 मध्ये कच्च्या खाद्यतेलावर 20 टक्के मूळ शुल्क बसवले. शेतकऱ्याला बरे वाटले. 30 मे 2025 ला ते 10 टक्के केले, म्हणजे ऐन पेरणीच्या तोंडावर. कापसावरचे 11 टक्के शुल्क ऑगस्ट 2025 मध्ये काढले आणि वेचणी सुरू असताना डिसेंबरअखेरपर्यंत काढलेलेच ठेवले. परभणी-जालन्याकडचे कापूसवाले त्यावर अजून बोलतात. हे निर्णय दिल्लीचे आहेत हे मला कळते. पण चर्चेला आलेल्यांचे पक्ष दिल्लीतही आहेत. ग्राहकाला तेल स्वस्त हवे, शेतकऱ्याला भाव हवा, सरकारने दोघांत कोणाला किती झुकते माप द्यायचे आणि ज्याचे नुकसान होईल त्याला कसे भरून द्यायचे, यावर प्रत्येक पक्षाची भूमिका ऐकायला आम्ही बसलो होतो. कोणी बाजारभाव आणि हमीभाव यांच्यातला फरक खात्यावर द्यावा म्हणेल, कोणी खरेदी वाढवावी म्हणेल, कोणी पेंडेच्या निर्यातीला मदत द्यावी म्हणेल. त्यात मतभेद असू देत. त्यांनी ते मांडून तरी दाखवायचे.

आडतीवरचा एक तरुण हमाल बी.कॉम. झालेला आहे. तो एवढेच विचारत होता, की 2018 ला लातूरच्या रेल्वे डबे कारखान्याचे भूमिपूजन झाले तेव्हापासून इथल्या किती मुलांना त्यात काम लागले, हे कोणी विचारील का? त्या तासात बेरोजगारी हा शब्द बरेचदा आला, पण मराठवाड्यातल्या एकाही जिल्ह्याचे नाव आले नाही.

आपल्याला माझी विनंती आहे. अशी चर्चा झाली की दुसऱ्या दिवशी कोण जिंकले याची बातमी देऊ नये. त्याऐवजी तिथे फेकले गेलेले आकडे छापावेत: कोणत्या वर्षाचा, कशातला, आणि समोरच्याने सांगितलेला आकडा त्याच्याशी जुळतो का. त्याखाली वाचकांचे प्रश्न द्यावेत आणि लातूर, बीड, धाराशिव, नांदेडकडच्या त्या त्या पक्षांच्या जिल्हाध्यक्षांकडून लेखी उत्तर मागावे. ज्यांनी उत्तर दिले नाही त्यांच्या नावापुढची जागा कोरी सोडावी. मुनीम म्हणून मला एवढे कळते, की वहीत कोरी जागा दिसली की माणूस आपोआप खुलासा द्यायला येतो.

त्या रात्री आणि दुसऱ्या दिवशी मी आडतीवर, चहाच्या टपरीवर आणि सुनेच्या बचतगटाच्या बैठकीत मिळून 14 प्रश्न जमवले. जुन्या पट्ट्यांच्या कोऱ्या बाजूला लिहून ते सोबत जोडले आहेत. अक्षर लागले नाही तर आडतीच्या पत्त्यावर कळवावे, मी पुन्हा लिहून पाठवीन. पहिला प्रश्न सुनेचा आहे.

आपला नम्र,
एक निवृत्त मुनीम
औसा, जि. लातूर