ऊस एकाच कारखान्याला : केंद्रीय दूरसंचार मंत्र्यांना खुले पत्र

मा. श्री. ज्योतिरादित्य शिंदे,
केंद्रीय दूरसंचार मंत्री, नवी दिल्ली.

स.न.वि.वि.

दिल्लीत आपण सिंधिया असलात तरी कण्हेरखेड आमच्या कोरेगाव तालुक्यातलं. म्हणून आडनाव इकडच्यासारखं लिहिलंय, आणि पत्रही मराठीतच. मी टेलिफोन खात्यातला निवृत्त तंत्रज्ञ. विषय बंगळूरच्या तेजस नेटवर्क्सचा आहे, पण त्या निमित्ताने आपल्याच खात्याचा.

या कंपनीने 2024-25 या आर्थिक वर्षात 8,923 कोटींची विक्री केली. आदल्या वर्षी ती 2,471 कोटी होती. एका वर्षात साडेतीन पटीहून जास्त, वर 447 कोटींचा नफा. मोबाईल टॉवरवरचे रेडिओ, म्हणजे फोनशी लहरींनी बोलणाऱ्या पेट्या, भारतात बनवणारी कंपनी एवढी मोठी झालेली बघून आमच्यासारख्यांची छाती फुगणारच. पुढच्याच वर्षाच्या पहिल्या तिमाहीत विक्री आली 202 कोटींवर आणि तोटा 194 कोटी. दुसऱ्या तिमाहीत 262 कोटींची विक्री, 307 कोटींचा तोटा.

मधल्या काळात रेडिओ बिघडले नाहीत की इंजिनिअर पळाले नाहीत. गिऱ्हाईक थांबलं. आणि ते गिऱ्हाईक, साहेब, म्हणजे आपलं बीएसएनएल.

आमच्या भागात हे समजावून सांगायला लागत नाही. ज्याचा सगळा ऊस एकाच कारखान्याला जातो, त्याचं वर्ष तोड कधी येते आणि बिल कधी निघतं यावर. तोड आली की घराला रंग, लांबली की सोसायटीच्या सेक्रेटरीला बघून वाट बदलायची. म्हणून कुणी त्याला ऊस लावता येत नाही असं म्हणत नाही.

तेजस 2000 साली निघाली ती ऑप्टिकल फायबरवर चालणारी उपकरणं बनवायला. 2021 मध्ये टाटांनी ती घ्यायचं ठरवलं, पुढच्या वर्षी तिने बंगळूरचीच सांख्य लॅब्ज ही चिप आणि रेडिओवाली कंपनी आपल्यात घेतली, आणि गाडी बिनतारीकडे वळली. मग 2023 मध्ये बीएसएनएलच्या 4जीचं काम टाटांच्याच टीसीएसच्या गटाला मिळालं. त्यातला कोअर, म्हणजे जाळ्याचा मेंदू, सी-डॉट या सरकारी दूरसंचार संशोधन संस्थेचा, टॉवरवरचे रेडिओ तेजसचे. एक लाख ठिकाणांसाठीचा हा करार तेजसपुरता साधारण साडेसात हजार कोटींचा. धंद्याचं धोरण म्हणून हे चुकलं असं मी म्हणणार नाही. खासगी कंपन्यांचे टॉवर एरिक्सन, नोकिया, सॅमसंग या परदेशी कंपन्यांच्या मालाने भरलेले, जिओने 5जीचा कोअर स्वतःच बनवलेला. नवख्याला उभं राहायला दुसरी जागा होती कुठे?

मी हा खेळ एकदा पाहिलाय. सी-डॉटचं 128 पोर्टचं ग्रामीण एक्स्चेंज पहिल्यांदा 1986 मध्ये कर्नाटकात कित्तूरला लागलं. आमच्याकडे ते ग्रामपंचायतीच्या एका खोलीत होतं, गोदरेजच्या कपाटाएवढं. खिडकी उघडी, शेजारी बॅटऱ्या, एसी नाही. एसी लागत नाही हीच त्याची करामत होती. परदेशी यंत्रं थंड खोली मागायची, आणि आमच्या खोलीत उन्हाळ्यात टेबलावरचा डिंक पातळ व्हायचा. कार्ड गेलं की ओढून काढायचं, दुसरं खोचायचं, हिरवा दिवा लागला की सरपंचांच्या घरी रिंग देऊन बघायची. मोबाईल आला तेव्हा मात्र देशी रेडिओ तयार नव्हता. टॉवरवर चढले ते एरिक्सन, नोकिया, ह्युवावे, झेडटीई. एक्स्चेंज बनवणाऱ्यांनी पुढचं यंत्र करायचं ते कोणत्या खरेदीच्या भरवशावर?

गेल्या वर्षी गावाबाहेरच्या टॉवरवर नवा रेडिओ चढवताना पाहिला. रिगर पोरगा वर, दोघं खाली दोरीला. पेटीला मागून पंख्यासारख्या पट्ट्या, त्यांतून उष्णता आपोआप बाहेर. फिरणारा पंखा नाही, एसी नाही. मला माझी खोली आठवली. पोरगा खाली उतरला तेव्हा त्याला पाणी दिलं आणि उगाच विचारलं, तापतं का रे वर? म्हणाला, काका, आम्हीच जास्त तापतो.

27 सप्टेंबर 2025 ला ओडिशातल्या झारसुगुड्यात पंतप्रधानांनी या 4जीचं लोकार्पण केलं. साडेसत्त्याण्णव हजार टॉवर, आणि स्वतःची दूरसंचार यंत्रणा असलेला पाचवा देश. मान्य, आनंद आहे. पण देशात पहिलं 4जी 2012 मध्ये सुरू झालं होतं, हेही आम्ही विसरलेलो नाही.

आता मागणं. मे 2025 मध्ये आणखी 18,685 ठिकाणांची 2,903 कोटींची ऑर्डर टीसीएसला मिळाली, त्यात तेजसचा वाटा सुमारे दीड हजार कोटींचा. अशी ऑर्डर कधी येणार, माल कधी उचलणार, पैसे किती दिवसांत देणार, 5जीची खरेदी कोणत्या वर्षी, हे पुढच्या पाच वर्षांचं वेळापत्रक छापून टाका. कारखाना तरी हंगामाआधी तोडणीचा कार्यक्रम लावतो. पुरवठादाराने पाचशे इंजिनिअर ठेवायचे की दोन हजार, हे त्यावर ठरतं. फक्त तेजससाठी नको, उद्या दुसरं कुणी देशी रेडिओ घेऊन आलं तर त्यालाही ते दिसायला हवं.

दुसरं जरा नाजूक आहे. तेजसला परदेशात माल विकायचाय आणि तिथला खरेदीदार पहिला प्रश्न विचारणार, तुमच्या देशात हे कसं चाललंय? उत्तर बीएसएनएलच्या जाळ्यात आहे. म्हणून कॉल किती तुटतात, डेटाचा वेग किती, टॉवर महिन्यातून किती तास बंद, हे आकडे या नव्या 4जीपुरते वेगळे काढून सर्कलनुसार, म्हणजे बीएसएनएलच्या विभागांनुसार, दर महिन्याला जाहीर करा. वाईट आले तरी करा. लपवलेल्या आकड्यावर परदेशातला खरेदीदार पैसे लावणार नाही, आणि बीएसएनएलच्याही कार्यालयात कुणाला घाई होणार नाही. नवा रेडिओ बसवून टॉवरखालच्या बॅटऱ्या जुन्याच ठेवल्या तर लाइट गेल्यावर काय होतं, हे मी सांगायला नको. तो दोष रेडिओच्या नावावर जमा होतो.

उत्तर मराठीत नसलं तरी चालेल. वेळापत्रकाला तारखा मात्र असू द्या.

आपला,
एक निवृत्त टेलिफोन तंत्रज्ञ
ता. कोरेगाव, जि. सातारा