शिकलेला कान आणि न शिकलेला कान

मा. संपादक,
स. न. वि. वि.

रविवारच्या पुरवणीतला मेंदू आणि संगीत यांवरचा लेख वाचला. पुढचा स्वर कुठला येणार हे मेंदू आधीच ताडत असतो, ही गोष्ट लेखकाने सोपी करून सांगितली आहे, त्याबद्दल आभार. पण तिसऱ्या रकान्यातल्या विधानाने काल दिवसभर डोकं तापलं. संगीताची रचना कळायला शिकलेला कान लागतो, बाकीचे नुसते डोलतात, असं ते लिहितात. ज्या शास्त्राचा आधार घेऊन हे लिहिलं, ते शास्त्र याच्या नेमकं उलट सांगतं.

जर्मनीत लाइपझिगला श्टेफान क्योल्श आणि सहकाऱ्यांनी केलेला प्रयोग २००० साली प्रसिद्ध झाला. संगीताचं शिक्षण नसलेल्या माणसांना त्यांनी स्वरसंगतींच्या, म्हणजे एकदम वाजणाऱ्या स्वरांच्या, माळा ऐकवल्या आणि मध्येच न बसणारी संगती घातली. दीडशे-दोनशे मिलिसेकंदांत त्यांच्या मेंदूत वेगळी लहर उमटली. न शिकलेली माणसंही सांगीतिक असतात, हे त्या शोधनिबंधाच्या शीर्षकातच म्हटलं आहे! पुढच्याच वर्षी तिथल्याच गटाने दाखवलं की या कामात ब्रोका क्षेत्र आणि मेंदूच्या उजव्या बाजूची त्याची जोडी भाग घेतात. ब्रोका म्हणजे वाक्याची रचना सांभाळणारा भाग. व्याकरण न शिकता आपण बोलतो, तसंच हे आहे. २००९ मध्ये तर हंगेरी आणि नेदरलँड्सच्या संशोधकांनी दोन-तीन दिवसांच्या झोपलेल्या बाळांना ढोलाचा ठेका ऐकवला. समेवरचा, म्हणजे आवर्तनाचा पहिला, ठोका गाळला की बाळाच्या मेंदूत प्रतिसाद उमटत होता. त्या बाळांनी कुठल्या परीक्षा दिल्या होत्या?

मी एवढी चिडले त्याला कारण आहे. मी शाळेत विज्ञान शिकवत असे. एका वर्षी तालुक्याच्या लोकगीत स्पर्धेत आमच्या आठवीच्या मुलींनी कानबाईचं, आमच्या खान्देशातल्या देवीचं, गाणं म्हटलं. वाद्य नाही, फक्त टाळ्या. श्रावणातल्या रविवारी कानबाई बसते, रात्रभर जागरण होतं, तिथे आयाबायांच्या मांडीवर बसून या मुली ते शिकलेल्या. त्या गाण्यात ओळीच्या शेवटच्या शब्दाआधी म्होरकी श्वास धरते. टाळ्या थांबतात. मग शब्द आणि टाळी एकदम पडतात. परीक्षक बाहेरून आलेले, पेनाने टेबलावर आठ-आठ मात्रा मोजत होते. मुली थांबल्या तरी पेन चालूच राहिलं, टाळी पडली ती त्यांच्या मोजणीच्या मध्येच. दुसऱ्या कडव्याला त्यांनी पेन खाली ठेवून कागदावर काही लिहिलं. निकालाच्या तक्त्यात आमच्यापुढे शेरा होता, ‘ताल सुटतो’. गट बाद.

मागे सतरंजीवर मुलींच्या आया आणि आज्या बसल्या होत्या. त्या सगळ्यांच्या टाळ्या प्रत्येक कडव्यात मुलींच्या टाळीबरोबरच पडल्या. कुणी खूण केली नव्हती, कुणी मोजत नव्हतं. निकाल ऐकून एक आजी मला म्हणाली, ‘बाई, पोरी चुकन्यात नही, त्या वाट दखी ऱ्हायन्यात.’ म्हणजे, पोरी चुकल्या नाहीत, त्या वाट पाहत होत्या. आजीला अक्षरओळख नव्हती.

लेखकाने ज्या ‘अपेक्षे’वर चार परिच्छेद खर्च केले, ती हीच. कॅनडात मॉन्ट्रियलला २०११ साली झालेल्या अभ्यासात लोकांना त्यांच्याच आवडीचं, अंगावर काटा आणणारं संगीत ऐकवलं. तो क्षण येण्याआधीच मेंदूच्या एका भागात डोपामिन हे सुखाशी जोडलेलं रसायन स्रवत होतं आणि प्रत्यक्ष क्षणाला दुसऱ्या भागात. म्हणजे वाट पाहण्यातही सुख आहे. पण शब्द कधी पडणार हे ज्याला ठाऊक आहे, तोच वाट पाहू शकतो. परीक्षकांना ते ठाऊक नव्हतं, म्हणून त्यांना ते थांबणं चूक वाटलं. त्या दिवशी त्या सभागृहात कान तयार नव्हता तो एकट्या परीक्षकांचा, आणि गुण त्यांच्याच हातात होते. मुली परतीच्या एसटीत एक शब्द बोलल्या नाहीत. पुढच्या वर्षी त्यांनी सिनेमातलं गाणं बसवलं आणि बक्षीस आणलं. मला ते बक्षीस आजही सलतं.

लेखात एक महत्त्वाचा प्रयोग सुटला आहे. एरिन हॅनन आणि सँड्रा ट्रेहब यांनी २००५ साली बाल्कन प्रदेशातले विषम मात्रांचे ठेके उत्तर अमेरिकेतल्या लोकांना ऐकवले. ठेक्यात केलेला बिघाड तिथल्या मोठ्या माणसांना धड कळला नाही, सहा महिन्यांच्या बाळांना कळला. वर्षाच्या बाळांची ती जाण ओसरू लागली होती, पण घरी दोन आठवडे तसं संगीत वाजवल्यावर ती परत आली. मोठ्यांची तशी आली नाही. खान्देशातल्या घरांना यात विचार करण्यासारखं पुष्कळ आहे. आखाजीला (अक्षय्य तृतीयेला) झोक्यावरची गाणी, भादव्यात गुलाबाईची गाणी, पहाटेची जात्यावरची ओवी हे बाळाच्या कानावर आपोआप पडत होतं. आता लग्नात संबळ-सनईच्या जागी डीजे आला आहे, सगळ्या गाण्यांना एकच धडधड. कडेवरच्या लेकराला घेऊन लोक त्या भिंतीएवढ्या स्पीकरसमोर उभे राहतात. पोलीस, नगरपालिका, मंडळं, कुणालाच त्याचं काही वाटत नाही. आपल्या वृत्तपत्रानेही डीजेच्या जाहिराती घेणं थांबवावं, ही विनंती आहे.

लेखकांना माझं निमंत्रण आहे. येत्या श्रावणात कानबाईच्या जागरणाला अमळनेरला यावं, बायकांच्या मध्ये बसावं आणि टाळी धरून पाहावी.

आणखी एक. लेखासोबतच्या फोटोत वाद्य संबळ आहे, दोन पुडे आणि वाकडी काठी स्पष्ट दिसते. खाली ‘नगारा’ छापलं आहे. ही दुरुस्ती याच पानावर छापावी.

आपली,
एक निवृत्त शिक्षिका, अमळनेर (जि. जळगाव)