विचारायचं ते हप्ता घेताना विचारा

संपादक महोदय,
स. न.

ह्यांच्या हृदयशस्त्रक्रियेचा दावा विमा कंपनीने फेटाळला. पत्रात कारण एका ओळीत: रक्तदाबाची माहिती दडवली. दडवली कुणी? अर्ज एजंटने भरला. ‘रक्तदाबाची गोळी चालू आहे’ असं ह्यांनी माझ्यादेखत सांगितलं. ‘एवढ्याने काही होत नाही’ म्हणत त्याने ‘नाही’च्या चौकटीत खूण केली आणि सहीसाठी पेन पुढे केलं. सही करण्याआधी वाचायला हवं होतं, हे मान्य. पण हप्ते घेताना कंपनीने कधी एका शब्दाने विचारलं नाही. जुने केसपेपर धुंडाळायला माणूस पाठवला तो पैसे द्यायची वेळ आल्यावर.

आम्ही न्यायालयात गेलो. आता तारखांना मीच जाते, ह्यांना जिने चढवत नाहीत. कंपनीच्या वकिलांचा सारा भर एकाच तत्त्वावर आहे: विमा हा परम सद्भावाचा करार, ग्राहकाने सगळं सांगायलाच हवं. हे तत्त्व ज्या खटल्याच्या आधाराने सांगतात, तो मी शोधून वाचला. कार्टर विरुद्ध बोम, इंग्लंड, 1766. सुमात्रा बेटावरचा मार्लबरो किल्ला परकीय शत्रूच्या हाती पडण्याच्या जोखमीचा विमा तिथल्या गव्हर्नरसाठी, म्हणजे कार्टर यांच्यासाठी, उतरवला होता. 1760 मध्ये फ्रेंचांनी किल्ला घेतला. विमा देणारा म्हणाला, किल्ला कमकुवत आहे हे मला सांगितलंच नव्हतं. आणि जिंकले कोण? कार्टर! न्यायाधीश लॉर्ड मॅन्सफिल्ड यांनी सद्भावाचं बंधन दोन्ही बाजूंवर घातलं. काही न विचारता हप्ता घ्यायचा, संकट आलं नाही तर तो खिशात टाकायचा आणि आलं तर ‘सांगितलं नव्हतं’ म्हणून हात वर करायचे, हे त्यांनी चालू दिलं नाही. ते पान वाचताना माझे डोळे भरून आले.

लबाडी करणाऱ्या ग्राहकाची बाजू मी घेत नाही. जाणूनबुजून खोटं सांगणाऱ्याचा दावा जरूर फेटाळावा. माझं म्हणणं एवढंच, की चौकशी करायची ती पहिला हप्ता घेण्याआधी करा. एजंटने भरलेला अर्ज ग्राहकाला त्याच्या भाषेत वाचून दाखवा, त्याची प्रत हातात द्या, मग सही घ्या.

पुढच्या तारखेला एजंटची उलटतपासणी आहे. अर्जाची प्रत मला न्यायालयातच पहिल्यांदा बघायला मिळाली. चारही पानांवर अक्षर त्याचं आहे, ह्यांची आहे ती फक्त शेवटची सही.

– एका पॉलिसीधारकाची पत्नी